नाम, उगम आणि घडण : टर्पीन-संशोधनातील तुलनापद्धती

एकोणिसाव्या शतकात सुगंधी तेलांतील हायड्रोकार्बनांची नावे मूळ वनस्पतीवरून पडत : लिंबातील ‘सिट्रीन’, संत्र्याच्या सालीतील ‘हेस्पेरिडीन’, शहाजिऱ्यातील ‘कार्वीन’. प्रत्येकाच्या रेणूत कार्बनचे १० व हायड्रोजनचे १६ अणू. सगळीच द्रवरूप, उत्कलनबिंदूही जवळजवळचे. परिणामी नावे वाढत गेली, ओळख मात्र पटेना.

ओटो वालाख यांनी १८८४ पासून बॉन येथे, केकुले यांच्या प्रयोगशाळेत, हा पेच हाती घेतला. ब्रोमीनसारख्या द्रव्यांशी विक्रिया घडवून त्यांनी या द्रवांपासून स्फटिकरूप संयुगे मिळविली. स्फटिकाचा वितळबिंदू निश्चित असतो. उपरोक्त तिन्ही द्रवांची ब्रोमीन-संयुगे सुमारे १०४ अंश सेल्सिअसला वितळतात. ती तिन्ही नावे एकाच लिमोनीनची होत. डायपेंटीनचे संयुग मात्र सुमारे १२४ अंशांना वितळते. तरीही डायपेंटीन हे स्वतंत्र द्रव्य नव्हे. परस्परांची आरशातील प्रतिबिंबे असलेल्या दोन लिमोनीनांचे ते समप्रमाण मिश्रण होय, हे वालाख यांनी सिद्ध केले.

१८८७ मध्ये त्यांनी टर्पिनांची रचना पाच कार्बनांच्या आयसोप्रीन-घटकांत पाहिली. १९१० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९५३ मध्ये लेओपोल्ट रुझिच्का यांनी हाच नियम सजीवांतील घडणप्रक्रियेच्या अंगाने नव्याने मांडला. उगमाचा प्रश्न असा परतला. परंतु ‘कोठून आले?’ याची जागा ‘कसे घडले?’ या प्रश्नाने घेतली होती.

प्रभाव आणि साम्य यांची चर्चा करणाऱ्या तौलनिक अभ्यासकाने हा क्रम ध्यानी घ्यावा : आधी घडण तपासावी, मग वंशावळ मांडावी.