ऑक्टोबर १८६२: ब्रिटिश मंत्रिमंडळाने न घेतलेला निर्णय

१/ घेतलेल्या निर्णयांची नोंद इतिहासात ठळकपणे होते. टाळलेल्या निर्णयांची क्वचितच. १८६२ च्या शरद ऋतूत ब्रिटनच्या मंत्रिमंडळाने असाच एक निर्णय घेता घेता टाळला. तो घेतला गेला असता, तर अमेरिकेच्या भूमीवर आज कदाचित दोन राष्ट्रे नांदत असती. त्याची ही हकीकत.

२/ एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. एकीकडे लिंकन यांचे संघराज्य, दुसरीकडे गुलामगिरीवर पोसलेली, फुटून निघालेली दक्षिणेकडील राज्ये. मे महिन्यात ब्रिटनने तटस्थता जाहीर केली. दक्षिणेला ‘युद्धमान पक्ष’ मानले. ‘राष्ट्र’ म्हणून मान्यता मात्र दिली नाही. साऱ्या प्रश्नाची मेख या फरकात होती.

३/ तटस्थ राहणे सोपे नव्हते. ब्रिटिश गिरण्यांचा सुमारे चार पंचमांश कापूस दक्षिणेतून येई. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. लँकेशायरमधील गिरण्या बंद पडू लागल्या आणि १८६२ च्या अखेरीस लाखो माणसे मदतीच्या अन्नावर जगू लागली.

४/ मंत्रिमंडळात तीन मातब्बर होते: पंतप्रधान पामर्स्टन, परराष्ट्रमंत्री रसेल आणि अर्थमंत्री ग्लॅडस्टन. पैकी पहिल्या दोघांचे जुने वैर. लुई नेपोलियनने फ्रान्समध्ये केलेल्या सत्तापालटाला परस्पर पसंती कळवली म्हणून १८५१ मध्ये तत्कालीन पंतप्रधान रसेल यांनी पामर्स्टन यांना परराष्ट्रखात्यातून काढले होते. दोनच महिन्यांत पामर्स्टन यांनी त्यांचे सरकार पाडून उट्टे काढले!

५/ अमेरिकेच्या बाबतीत मात्र दोघांचे सूर जुळले. ऑगस्ट १८६२ च्या अखेरीस बुल रनच्या दुसऱ्या लढाईत उत्तरेचा पराभव झाला. १४ सप्टेंबरला पामर्स्टन यांनी रसेल यांना लिहिले, त्याचा आशय असा: वॉशिंग्टन किंवा बाल्टिमोर पडले, तर ब्रिटन व फ्रान्स यांनी पुढे होऊन विभाजनाच्या पायावर समेट सुचवावा काय?

६/ रसेल तेव्हा जर्मनीतील गोथा येथे होते. १७ सप्टेंबरला त्यांनी तेथून होकार कळवला. मध्यस्थी फसल्यास दक्षिणेला मान्यता द्यावी, असेही सुचवले. योगायोग असा, की त्याच दिवशी अँटिएटम येथे ली यांची आगेकूच रोखली गेली. अटलांटिकपार चालू तारायंत्र नव्हते. बातमी जहाजानेच यायची. ती आल्यावर पामर्स्टन थबकले.

७/ इतक्यात ७ ऑक्टोबरला न्यूकॅसलच्या भाषणात ग्लॅडस्टन बोलून गेले, की दक्षिणेच्या नेत्यांनी सैन्य उभारले आहे, आरमार उभारत आहेत आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी एक राष्ट्र घडवले आहे. मंत्रिमंडळाने ठरवलेच नव्हते, ते एका मंत्र्याने जाहीर सभेत सांगितले. मान्यता आता दिली जाणारच, असा सर्वत्र समज झाला.

८/ उत्तर दिले ते युद्धमंत्री जॉर्ज कॉर्नवॉल लुईस यांनी. हे गृहस्थ वक्ते म्हणून नव्हे, तर प्राचीन रोमचे अभ्यासक म्हणून ओळखले जात. १४ ऑक्टोबरला हेरफर्ड येथे त्यांनी स्पष्ट केले, की दक्षिणेचे स्वातंत्र्य अद्याप सिद्ध झालेले नाही. युद्धाचा निकाल लागायचा आहे.

९/ पाठोपाठ त्यांनी सहकाऱ्यांना लेखी टिपण पाठवले. निकाल न लागलेल्या युद्धात एका पक्षाला मान्यता देणे आंतरराष्ट्रीय कायद्याला धरून नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा. पुढे त्यांनी व्यवहाराचे प्रश्नही मांडले: समेटाच्या अटी कोणत्या? सीमा कुठे आखायची? गुलामगिरीचे काय करायचे? याला कोणाकडेच उत्तर नव्हते. २३ ऑक्टोबरची बैठक पुढे ढकलली गेली.

१०/ अनेकदा सांगितले जाते, की लिंकन यांच्या गुलाममुक्तीच्या घोषणेने ब्रिटनला रोखले. वस्तुस्थिती गुंतागुंतीची आहे. २२ सप्टेंबरची ती घोषणा लंडनच्या सत्तावर्तुळात अनेकांना गुलामांचे बंड पेटवण्याचा डाव वाटली. लोकमतावर तिचा परिणाम पुढे झाला: ३१ डिसेंबरला मँचेस्टरच्या सभेने लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र पाठवले. कापसाअभावी होरपळणाऱ्या मुलखाचे हे मँचेस्टर!

११/ नोव्हेंबरमध्ये तिसऱ्या नेपोलियनने प्रस्ताव मांडला: ब्रिटन, फ्रान्स, रशिया यांनी मिळून सहा महिन्यांची युद्धबंदी सुचवावी. ११ व १२ नोव्हेंबरला मंत्रिमंडळ बसले. रसेल व ग्लॅडस्टन अनुकूल, पामर्स्टन यांचा पाठिंबा कोमट, बहुमत विरुद्ध. प्रस्ताव बारगळला.

१२/ युद्ध १८६५ पर्यंत चालले. त्याची झळ मुंबईलाही लागली: अमेरिकी कापसाच्या टंचाईने तेथे पैशाचा पूर आला आणि युद्ध संपताच सट्ट्याचा डोलारा कोसळला. पण खरा हिशेब वेगळा आहे. १८६० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत सुमारे ४० लाख माणसे गुलामीत होती. विभाजन झाले असते, तर त्यांतील बहुतेकांची बेडी तुटायला आणखी किती काळ लागला असता?

१३/ लुईस एप्रिल १८६३ मध्ये वारले. आज त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. ग्लॅडस्टन चार वेळा पंतप्रधान झाले आणि १८९६ मध्ये त्यांनी न्यूकॅसलचे ते भाषण ही आपली घोडचूक होती, असे लिहून ठेवले. त्या महिन्यांत ब्रिटनला सावरले ते उदात्त तत्त्वांनी कमी आणि ‘पुढे काय?’ या रुक्ष प्रश्नाने अधिक. मुत्सद्देगिरीत कधीकधी तो प्रश्न विचारणारा एक माणूस पुरतो.