महाराष्ट्रातील विधवा प्रथा

विधवा प्रथा म्हणजे पतीच्या निधनानंतर स्त्रीची वेशभूषा, अलंकार, सार्वजनिक वावर आणि पुनर्विवाह यांवर निर्बंध घालणारे सामाजिक संकेत होत. महाराष्ट्रात या संकेतांना कोणत्याही प्रचलित कायद्याचा आधार नाही. तरीही घर, भावकी आणि शेजार यांच्या नित्य व्यवहारातून ते पाळले जातात. त्यांचा परिणाम मानसन्मानापुरता मर्यादित नसून जमिनीचा वारसा, शासकीय साहाय्य आणि कुटुंबातील निर्णयाधिकार यांवरही होतो. शेतकरी आत्महत्यांमुळे अनेक तरुण स्त्रियांना वैधव्य आलेल्या यवतमाळ जिल्ह्यात हा संबंध विशेष स्पष्टपणे दिसतो.

स्वरूप

पतीच्या अंत्यविधीच्या वेळी किंवा त्यानंतरच्या दिवसकार्यात स्त्रीच्या कपाळावरील कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे, बांगड्या फोडणे आणि पायांतील जोडवी उतरवणे हे विधी केले जातात. ते बहुधा नात्यातील ज्येष्ठ स्त्रियाच पार पाडतात. पूर्वी काही जातींत रूढ असलेले केशवपन आता लोप पावले आहे.

यानंतरचे निर्बंध कोणी बोलून दाखवतेच असे नाही. हळदीकुंकवाचे बोलावणे येत नाही, ओटी भरली जात नाही, लग्नघरी हळद लावण्यासाठी सवाष्णींनाच पुढे केले जाते. पुष्कळ ठिकाणी स्वतःच्या मुलीच्या लग्नातही कन्यादानाला आईऐवजी दीर आणि जाऊ बसतात.

भाषेतही हा भेद रुजलेला आहे. विवाहितेच्या नावामागे ‘सौ.’ आणि विधवेच्या नावामागे ‘गं. भा.’ (गंगा भागीरथी) लावण्याची पद्धत लग्नपत्रिकांतून दिसते. पुरुषाच्या नावामागचे ‘श्री.’ मात्र पत्नीच्या निधनानंतर बदलत नाही. पतीच्या मृत्यूचा दोष पत्नीच्या पायगुणाला देणारा ‘पांढऱ्या पायाची’ हा शब्दप्रयोगही याच समजुतीतून आलेला आहे.

जातिव्यवस्थेशी संबंध

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या भारतातील जातींवरील निबंधात सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही प्रथांचा संबंध जातीअंतर्गत विवाहाच्या बंधनाशी जोडला. जातीबाहेर विवाह होऊ द्यायचा नसेल, तर पतीमागे उरलेल्या स्त्रीचे नियमन करणे जातीला आवश्यक ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. वरिष्ठ मानल्या गेलेल्या जातींच्या चालीरीती इतरांनी अनुकरणाने स्वीकारल्या, हेही त्यांनी त्यात मांडले. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी पुढे अशा अनुकरणाच्या प्रक्रियेस ‘संस्कृतीकरण’ ही संज्ञा दिली.

महाराष्ट्रातील अनेक शेतकरी आणि कारागीर जातींत विधवेचा पुनर्विवाह रूढ होता. त्यास ‘पाट’ किंवा ‘मोहतूर’ म्हणत. मात्र पाट हा पहिल्या लग्नाच्या तोडीचा मानला जात नसे. तो बहुधा रात्री, मोजक्या माणसांच्या उपस्थितीत लावला जाई. जातीची प्रतिष्ठा वाढवण्याच्या ओढीने काही कुटुंबांनी पाट बंद केला. विधवेवरील निर्बंध हे अशा रीतीने घराण्याच्या ‘उच्चपणा’चे चिन्ह बनले आणि स्त्री-पुरुष विषमता व जातीय विषमता परस्परांना पोसू लागल्या.

कायदे आणि सुधारणा चळवळ

१८५६ च्या हिंदू विधवा पुनर्विवाह कायद्याने अशा विवाहास मान्यता दिली. परंतु पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या पतीच्या संपत्तीवरील हक्कही त्यानेच संपुष्टात आणला. ज्या जातींत पाट पूर्वापार चालत होता, त्यांनाही काही न्यायालयांनी हेच तत्त्व लागू केले.

महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विदर्भातील बुलढाणा येथील ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) या पुस्तकात विधवा आणि विधुर यांना लावल्या जाणाऱ्या भिन्न मापांवर कठोर टीका केली. पंडिता रमाबाई यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन स्थापन केले. १८९० च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी केशवपनास नकार दिला. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मूळ गावी, मुरूड येथे, त्यांच्यावर बहिष्कार घालण्यात आला. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र न करता निधन पावलेल्या पुरुषाची पत्नी ही मुले आणि आई यांच्याबरोबरीने पहिल्या वर्गातील वारस असते.

यवतमाळ जिल्हा

यवतमाळ हा वऱ्हाडातील कापूस पिकवणारा, मुख्यतः कोरडवाहू शेतीचा जिल्हा आहे. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी जाहीर केलेल्या विशेष मदत योजनेत त्याचा समावेश होता.

राज्य शासनाच्या २००६ च्या निर्णयानुसार पात्र ठरलेल्या आत्महत्येच्या प्रकरणात कुटुंबास एक लाख रुपये मिळतात. त्यांपैकी ३० हजार रुपये थेट आणि ७० हजार रुपये ठेवीच्या स्वरूपात दिले जातात. पात्रता ठरवताना जमीन आणि कर्ज यांची कागदपत्रे तपासली जातात. पतीने कसलेली जमीन पुष्कळदा सासऱ्याच्या नावावर असते. सातबाऱ्यावर नाव लावण्यासाठी तलाठ्याकडे अर्ज करणे, तहसील कार्यालयात खेटे घालणे, भावकीशी बोलणी करणे ही कामे त्या स्त्रीलाच करावी लागतात. आणि याच काळात तिने घराबाहेर पडू नये, चारचौघांत बोलू नये असा संकेत असतो. वाटा मागणे हे घर फोडणे समजले जाते. अशा रीतीने वारसाहक्क कागदावर शाबूत राहतो. तो मागण्याची वाट मात्र रूढीने अडवलेली असते.

महिला किसान अधिकार मंचाने (मकाम) २०१८ मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यातील ११ जिल्ह्यांत आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील ५०५ स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी सुमारे ४० टक्के स्त्रियांना शेतजमिनीचा हक्क मिळालेला नसल्याचे त्यात आढळले.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन कळंब तालुक्यातील राजूर येथील वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण आयोजकांनी मागे घेतल्यानंतर ही निवड झाली. येडे यांच्या पतीने २०११ मध्ये आत्महत्या केली होती. श्याम पेठकर लिखित आणि हरीश इथापे दिग्दर्शित ‘तेरवं’ या नाटकातही त्यांनी भूमिका केली. शेतकऱ्यांच्या विधवांनीच या नाटकात काम केले आहे.

प्रथा टिकून राहण्याची कारणे

विधवा प्रथा मोडल्यास कोणतीही लेखी शिक्षा नाही. कुजबुज, टोमणे आणि बोलावणे न येणे एवढ्यावरच त्यांचा धाक चालतो. सासू, जाऊ, शेजारीण यांपैकी प्रत्येकीला ‘लोक काय म्हणतील’ याची चिंता असते. पण ते ‘लोक’ म्हणजे त्याच परस्परांसाठी असतात. ज्या स्त्रीने हे विधी स्वतः सोसले, तीच पुढे दुसरीच्या बांगड्या उतरवते. विधी धार्मिक कर्तव्य म्हणून केले जात असल्याने त्यांतील अन्याय करणाऱ्यांना जाणवत नाही. शोकाच्या पहिल्या दिवसांत त्या स्त्रीला विरोध करण्याचे बळ नसते. आणि मुलींच्या लग्नात अडथळा येईल या भीतीने नंतरही ती बहुधा गप्प राहते.

अलीकडील प्रयत्न

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड (ता. शिरोळ) येथील ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्याच्या ग्रामविकास विभागाने १७ मे २०२२ रोजी परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचे अनुकरण करावे असे आवाहन केले. परिपत्रकात दंडाची तरतूद नसल्याने ठरावाची अंमलबजावणी गावाच्या इच्छेवर अवलंबून राहते. काही गावांत विधवांना सामावून घेणारे हळदीकुंकवाचे कार्यक्रमही होतात.

एप्रिल २०२३ मध्ये महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द वापरण्याचा प्रस्ताव मांडला. त्यावर टीका झाल्यानंतर असा कोणताही निर्णय झालेला नसल्याचे त्यांनी स्पष्ट केले. अनेक संघटना ‘एकल महिला’ ही संज्ञा वापरतात.

संयुक्त राष्ट्रांनी २०१० मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार २३ जून हा दिवस आंतरराष्ट्रीय विधवा दिन म्हणून पाळला जातो.

हेही पाहा

सती
केशवपन
स्त्री-पुरुष तुलना
महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्या
हेरवाड