उसने अश्रू

अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. उन्हाळ्यात कोरडे, धुळीचे वारे सुटले की डोळे चुरचुरतात आणि आपण त्यांवर गार पाण्याचा हबका मारतो. घटकाभर बरे वाटते, मग पुन्हा खुपू लागते. पाणी देऊनही कोरडेपणा का जात नाही?

१९०३ साली जर्मन नेत्रवैद्य ओटो शिर्मर यांनी टीपकागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवली आणि ती किती मिलिमीटर भिजते यावरून अश्रू मोजले. ही चाचणी आजही वापरली जाते. १९२२ साली फ्लेमिंग यांना अश्रूंत जंतुनाशक लायसोझाइम आढळले. पुढे १९४६ च्या सुमारास वुल्फ यांनी अश्रूंच्या पडद्याची रचना मांडली: वर तेल, मध्ये पाणी, खाली चिकट श्लेष्म. तेल पाण्याचे बाष्पीभवन रोखते आणि श्लेष्म पाण्याला बुबुळावर पसरून धरते. नुसत्या पाण्याला हे जमत नाही.

मग पाणी डोळ्यात थांबवायचे कसे? १९४५ साली स्वान यांनी डोळ्यांसाठी मिथिलसेल्युलोजचा उपयोग सुचवला. आपल्या शेतातील कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. ते पाण्यात विरघळत नाही. पण त्याच्या रेणूला योग्य रासायनिक गट जोडले की विरघळते आणि पाणी दाट करते. कार्बोक्सिमिथिल सेल्युलोज याच कुळातले. वर्गात काचेचा तुकडा तिरपा धरून त्यावर एक थेंब पाणी आणि एक थेंब भाताची पेज सोडून पाहा. पेज रेंगाळते. कृत्रिम अश्रूही असेच रेंगाळतात.

१९३४ साली मेयर आणि पामर यांनी गुरांच्या डोळ्यांतून वेगळे केलेले हायलुरॉनिक आम्लही आता या थेंबांत असते. पापणी मिटताना ते पातळ होते आणि उघडल्यावर पुन्हा दाट होते. त्यामुळे दृष्टी फारशी धूसर होत नाही.

काही बाटल्यांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक असते. असे थेंब वारंवार घातल्यास बुबुळाच्या पृष्ठभागालाच इजा होते. म्हणून परिरक्षकाविना, एकदाच वापरायच्या कुप्या निघाल्या.

मात्र उसने अश्रू मूळ कारण दूर करत नाहीत. लहान मुलाच्या डोळ्यांतील कोरडेपणा 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाचाही असू शकतो, आणि वेळीच उपचार न झाल्यास दृष्टी जाते. दिवेलागणीला एखादे मूल ठेचकाळू लागले, तर ते शिक्षकांच्या कानावर आधी येण्याचा संभव असतो. अशा वेळी थेंबांवर विसंबू नये. त्याला लगेच डॉक्टरांकडे धाडावे.