तेलाचा तवंग आणि भरतीचे गणित

भालकी, बसवकल्याण वा आळंदच्या श्रोत्याला समुद्राची भरती ही ऐकिवातली गोष्ट. मांजरेचे पाणी काय आणि भीमेचे काय, एकदा पुढे गेले ते माघारी फिरत नाही. समुद्राचे पाणी मात्र सुमारे सव्वासहा तासांनी दिशा पालटते. आणि म्हणूनच त्यावर सांडलेले तेल कोठे जाईल, हे सांगणे अवघड होऊन बसते.

7 ऑगस्ट 2010 रोजी सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी, न्हावा-शेव्याहून निघालेले ‘एमएससी चित्रा’ आणि बंदरात शिरणारे ‘खलिजिया-3’ ही जहाजे एकमेकांवर आदळली. ‘चित्रा’ कलंडले, त्यावरील मालपेट्या समुद्रात पडल्या आणि सुमारे 800 टन इंधनतेल पाण्यात गेले. नारळी पौर्णिमा अवघी 17 दिवसांवर आलेली. नव्या हंगामाकडे डोळे लावून बसलेल्या कोळ्यांपुढे प्रश्न होता तो एवढाच की, तवंग कोणीकडे वळणार?

तेल वाऱ्याच्या दिशेने, त्याच्या वेगाच्या साधारण 3 टक्के गतीने सरकते. 1967 साली इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ ‘टॉरी कॅन्यन’ फुटले, तेव्हा या प्रमाणाला पुष्टी मिळाली. वारा ताशी 40 किलोमीटरचा असेल, तर तवंगाची चाल ताशी सव्वा किलोमीटरच्या आतच राहते. भरतीचा ओघ याहून पुष्कळ जोरकस असू शकतो. परंतु जे तो आणतो, ते बहुतांशी ओहोटी परत नेते. मग त्याला हिशेबात धरावेच कशाला, असे कोणी विचारील. खुल्या समुद्रात हा युक्तिवाद एक वेळ चालेल. खाडीच्या तोंडाशी मुळीच नाही. तेथे तेल आत रेटले जाते, तिवरांच्या मुळांना चिकटते आणि ओहोटीचे पाणी रिकाम्या हातांनी परतते. त्यातून 10 ऑगस्टला आषाढी अमावास्या होती. उधाणाचे पाणी जेथवर चढते, तेथवर भांगाचे पाणी पोहोचत नाही; तेथे बसलेले तेल धुऊन कोण काढणार? उरणच्या आणि घारापुरीच्या तिवरांपर्यंत ते तेल पोहोचलेच.

भरतीचे गणित जुनेच आहे. मुंबईच्या अपोलो बंदरावरील पाण्याच्या पातळीच्या नोंदी 1878 पासूनच्या मिळतात. 1879 साली एडवर्ड रॉबर्ट्सच्या आराखड्याने हिंदुस्थानातील बंदरांसाठी इंग्लंडात एक यंत्र तयार झाले. चंद्रसूर्यांच्या निरनिराळ्या ओढी त्याची चाके व कप्प्या एकत्र जुळवीत. पण त्यावरून केलेली कोष्टके पाणी केव्हा आणि किती चढेल एवढेच सांगत. कोणत्या ठिकाणी ते कोणत्या दिशेने, किती वेगाने धावेल, हे कळायला समुद्रतळाची खोली आणि किनाऱ्याची वळणे गणितात यावी लागतात.

हे काम आज चालते कोठे? हैदराबादेत! 1956 पर्यंत बीदर-गुलबर्ग्याची जी राजधानी होती, त्याच शहरात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, 1999 साली भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र स्थापन झाले. तेल कोठे, केव्हा, किती आणि कोणत्या जातीचे सांडले, हे कळविले की तेथून तवंगाचा संभाव्य मार्ग सांगितला जातो. यांत ‘केव्हा’ हा शब्द फार मोलाचा. वेळ सहा तासांनी चुकली, तर ओहोटीचे तेल भरतीचे ठरते आणि ते अडविण्याचे तरते बांध भलत्याच किनाऱ्यापुढे जाऊन पडतात.