फुकट व्यासपीठाचा खर्च कोण भरतो?

३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला, तो शाहू महाराजांच्या २५०० रुपयांच्या मदतीवर. पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. १९२७ च्या 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांनी स्वतः लिहिले. वर्गणीदार अपुरे पडले, १९२९ ला पत्र थांबले.

आज आपण फेसबुकवर फुकट लिहितो. खर्च जाहिरातदार भरतो, म्हणून तिथे विकले जाते ते आपले लक्ष. 'कू'ही फुकट होते, मराठीतही होते. भागीदारीची बोलणी फिसकटली आणि जुलै २०२४ मध्ये बंद झाले.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत जयंतीची वर्गणी आपण दारोदार फिरून जमवतो. (पावतीपुस्तकासकट!) स्वतःच्या व्यासपीठासाठी तेच पावतीपुस्तक का निघत नाही?