विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशीचा इतिहास आणि आपल्या सोयरिकी

मनुष्याच्या रोगांचा इतिहास बहुधा साथींचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. देवी, पटकी आणि प्लेग यांच्या हकीकती आपल्या घराण्यांतून पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या. परंतु साथीने न येता आईबापांच्या रक्तातून मुकाट्याने चालत येणाऱ्या रोगांचाही इतिहास आहे. आणि ज्ञातीतल्या ज्ञातीत सोयरीक जमविणाऱ्या आपल्यासारख्या समाजाने तो अवश्य जाणून घ्यावा असा आहे. विदर्भात ज्याचे नाव आता खेड्यापाड्यांतून परिचित झाले आहे, त्या सिकलसेल रोगाची हकीकत आम्ही त्याच हेतूने येथे देत आहोत.

वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटाचा वॉल्टर क्लेमेंट नोएल हा तरुण दंतवैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेत शिकागो येथे आला होता. १९०४ साली तो आजारी होऊन रुग्णालयात दाखल झाला. तेथील अर्नेस्ट आयर्न्स या उमेदवार डॉक्टरांनी त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा नाण्यासारख्या वाटोळ्या असावयाच्या तांबड्या पेशींपैकी काही लांबट व विळ्यासारख्या वाकलेल्या दिसल्या. त्यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी ही हकीकत १९१० साली प्रसिद्ध केली. नोएल पदवी घेऊन मायदेशी परतला, तेथे त्याने दंतवैद्याचा व्यवसाय केला आणि १९१६ साली ऐन तारुण्यात तो निवर्तला. आपल्या रक्ताने वैद्यकाचे एक नवे दालन उघडले, याची त्या बिचाऱ्यास कल्पनाही नसावी.

पेशी वाकते कशी, हे कळण्यास आणखी चाळीस वर्षे लागली. रक्तातील हिमोग्लोबिन हे द्रव्य प्राणवायू वाहून नेते. या रोगात प्राणवायू सोडल्यावर त्याचे रेणू एकमेकांस चिकटून लांब दोऱ्या बनतात आणि पेशीला आतून ताणून वाकवितात. अशा ताठर पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडांत व सांध्यांत असह्य वेदना उठतात, प्लीहा निकामी होते, आणि पेशी अल्पायुषी ठरल्याने अंगात रक्त उरत नाही. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेच्या साहाय्याने सिद्ध केले की रोग्याचे हिमोग्लोबिनच मुळात निराळे आहे. रोगाचे मूळ एखाद्या रेणूत दाखवून देण्याचा हा पहिलाच प्रसंग होय. त्याच वर्षी जेम्स नील यांनी दाखविले की हा दोष आई व बाप या दोघांकडूनही आला तरच रोग होतो. एकाकडूनच आला तर मनुष्य केवळ वाहक असतो व सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो. पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिज येथे व्हर्नन इंग्रम यांनी हिमोग्लोबिनच्या साखळीतील नेमका सदोष दुवा शोधला. आज आपण जाणतो की मनुष्याच्या जनुकसंचयातील सुमारे तीन अब्ज अक्षरांपैकी एकच अक्षर येथे बदललेले असते!

असा घातक दोष इतका टिकला कसा? अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतील अभ्यासावरून उत्तर दिले: वाहकास तीव्र हिवतापापासून संरक्षण मिळते. जेथे हिवताप माजला तेथे वाहक जगले.

भारतात हा दोष लेहमन व कटबुश यांना १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळला. मध्य भारतातील, नागपूरकडील लोकांत तो असल्याचे शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात नोंदविले. आदिवासी जमातींत तसेच इतरही अनेक जातींत तो आहे. सबब त्यास एखाद्या जातीचे नाव चिकटविणे हे निव्वळ अज्ञान होय. जातीने हा दोष निर्माण केला नाही. तो हिवतापाने पोसला. मात्र कुंपणाच्या आतच सोयरिकी झाल्याने वाहकाची गाठ वाहकाशी पडण्याचा संभव वाढला, हेही आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही.

उपचारांची वाट मोठी लांबची ठरली. १९४८ साली जॅनेट वॉटसन यांच्या ध्यानी आले की नवजात अर्भकांत विळ्यासारख्या पेशी फारच थोड्या असतात, कारण गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन त्यांचे रक्षण करते. ते हिमोग्लोबिन वाढविणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध अमेरिकेत या रोगासाठी १९९८ साली मान्य झाले आणि आज आपल्याकडेही दिले जाते. जन्मानंतर गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बंद पाडणारा ‘बीसीएल ११ ए’ हा जनुक २००८ साली, अनेक माणसांचे जनुकसंचय ताडून पाहिल्यावर, उजेडात आला. त्याचेच नियंत्रण रोग्याच्या मूळपेशींत कापून टाकणारा उपचार २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्य झाला. अमेरिकेत त्याचे मूल्य बावीस लाख डॉलर ठरले. म्हणजे आपल्या ज्ञातीतील बहुतेक घरांना तो तूर्त नसल्यातच जमा. त्याच वर्षी भारत सरकारनेही या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून २०४७ पर्यंतची मुदत ठरविली आहे.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे वळू. मंडळाच्या वधूवर परिचय पुस्तिकेत शिक्षण, उंची व गोत्र यांच्या जोडीला सिकलसेलचाही रकाना छापावा, अशी सूचना काही ज्ञातिबांधवांनी केली आहे. त्यांचा हेतू शुद्ध आहे. तथापि आम्हांस ती मान्य नाही.

ग्रीस देशातील ऑर्कोमेनोस या गावी वाहक पुष्कळ होते. १९७० च्या सुमारास तेथील लोकांचे रक्त तपासून वाहकाने वाहकाशी विवाह करू नये असा उपदेश करण्यात आला. काही वर्षांनी संशोधकांनी पाहिले तो वाहकांवर डाग बसला होता, लोक आपली अवस्था लपवीत होते, आणि वाहक-वाहक विवाहांची संख्या काही केल्या घटलेली नव्हती. अमेरिकेतही त्या दशकात निरोगी वाहकांस नोकरी व विमा यांबाबत त्रास झाला. तेथील हवाई दलाच्या प्रबोधिनीचे दार त्यांना १९८१ पर्यंत बंद होते. आपल्याकडे असा डाग प्रथम कोणाच्या कपाळी लागेल, हे मुलींच्या आईबापांस सांगावयास नको.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच की तपासणी साखरपुड्यापूर्वी व्हावी, पण तिचा कागद त्या दोघा तरुणांच्याच हाती असावा. मंडळाने तपासणी कोठे होते एवढे सांगावे. दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक खेपेस अपत्य रोगी निपजण्याचा संभव चारांत एक असतो. विवाह करावा की नाही हे त्यांनी ठरवावे; करावयाचा झाल्यास गर्भाची तपासणी करण्याची सोय आहे, तिचा पाया कान व डोझी यांनी १९७८ साली घातला. छत्तीस गुण जुळविणाऱ्या गुरुजींनीही यास हरकत घेऊ नये!

एक व्यावहारिक सूचना येथेच करतो. शिबिरांतून रक्ताच्या थेंबावर होणारी सोल्युबिलिटी चाचणी दोष आहे की नाही एवढेच दर्शविते. मनुष्य वाहक की रोगी, हे तीवरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस वा एचपीएलसी ही पुढील चाचणी करावी लागते, आणि ती झाल्याखेरीज कोणाही घराने जमलेली सोयरीक मोडू नये. सहा महिन्यांच्या आतील बालकांत तर पहिल्या चाचणीवर मुळीच विसंबू नये, कारण त्यांच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अद्याप शिल्लक असते.