तिघांचा कारभार

१७७८ मध्ये कर्नल गॉडार्डची फौज भोपाळवरून नर्मदेकडे निघाली, तेव्हा नवाब हयात मुहम्मद खानांनी तिला साहाय्य केले. ज्या युद्धासाठी ती निघाली होती, त्यात उभय पक्षी तिघांचा कारभार होता, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

मुंबईकर इंग्रजांनी पुण्यावरील मोहीम कार्नाक, एगर्टन व मॉस्टिन यांच्या समितीवर सोपवली. प्रत्येक पावलाला मसलत, प्रत्येक मसलतीत वाद! मॉस्टिन आजारी पडून मुंबईस परतला, एगर्टनच्याही प्रकृतीने दगा दिला. तळेगावाहून माघार घेऊन जानेवारी १७७९ मध्ये वडगावला तह करावा लागला. गॉडार्डमागे समिती नव्हती. तो सरळ सुरतेस पोचला.

पुण्यातही सखारामबापू बोकील, नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांची मने जुळलेली नव्हती. परंतु नानांच्या हाती दौलतीचा हिशेब व पत्रव्यवहार, महादजींपाशी स्वतःची फौज. एकावाचून दुसऱ्याचे भागत नव्हते. वयोवृद्ध बापूंपाशी होती ती केवळ मसलत, आणि शत्रू दारातून हटताच तिची गरजही सरली. राघोबांशी असलेले त्यांचे संधान उघड झाल्यावर नानांनी त्यांना कैदेत टाकले, महादजींनी वाचवले नाही. १७८१ मध्ये बापू रायगडावर बंदिवासातच वारले.